परत आणण्याची रंगीत तालीम

२ फेब्रुवारी, रविवार

ऑगस्टनंतर आज ही वही उघडली. क्षमस्व. नक्की कोणाची क्षमा मागतो आहे ते कळत नाही, कारण वाचणारा मी एकटाच. तरी मागितलेली बरी. कारण आळस नव्हे. इतके महिने लिहिण्यासारखे काही बिघडलेच नाही.

आढावा घेतो. हॉलमधला कॉम्प्युटर रोज आपोआप, घरच्या नेटवर्कवरून, स्टोअररूममधल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःची नक्कल पाठवतो. कोणी आठवण ठेवायची नाही, कोणी हात लावायचा नाही. जुन्याला घरात 'आजोबा' म्हणतात. घरघर करतात, पण जे ऐकले ते विसरत नाहीत. सगळी योजना माझी.

ऑगस्टमध्ये दोन सुधारणा केल्या त्यांची नोंद राहिली होती. आईची तक्रार होती की आजोबांची घरघर झरोक्यातून तिच्या खोलीत येते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून बॅकअपची वेळ रात्रीऐवजी दुपारी अडीच केली. आई खूश. त्यानंतर बायकोच्या स्क्रीनवर 'संपर्क होऊ शकला नाही' अशी पाटी रोज यायला लागली. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी जातीने स्टोअररूममध्ये जाऊन पाहिले. आजोबा चालू, दिवा हिरवा, संपर्क ठणठणीत. म्हणजे पाटी खोटी. या सॉफ्टवेअरवाल्यांना लोकांना घाबरवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. पाट्या कायमच्या बंद करून टाकल्या. तेव्हापासून एक तक्रार नाही.

याला व्यवस्था म्हणतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

बायकोचे पुस्तक संपत आले. विषय: शहरातल्या भिंतींवर उगवणारे शेवाळ. ती म्हणते शेवाळ नव्हे रे, मॉस, शेवाळ वेगळं. मला दोन्ही हिरवे दिसते, पण तिच्यासमोर बोलत नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या कंपाउंडला नाक लावून उभी राहते. पूर्वी वॉचमन हटकायचे, आता खुर्ची आणून देतात. कित्येक वर्षांचे काम आहे. प्रकाशकाने बजावले आहे की २८ फेब्रुवारीला संपूर्ण फाइल हातात पडली तर पुस्तक या वर्षी निघेल, नाहीतर यादीतून बाद. पुढच्या वर्षी तो शेवाळाकडे ढुंकूनही पाहणार नाही, असे त्याच्या आवाजावरून वाटते.

आणि हे सगळे आज कोणाच्या जिवावर सुरक्षित आहे? आजोबांच्या. म्हणजे माझ्या.

ऋणनिर्देशाचे पान तिने लिहून ठेवले आहे. मला दाखवत नाही. लाजत असावी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणा आला. त्याचे चष्म्याचे दुकान गुरुवारी बंद असते, तेव्हा ही हजेरी ठरलेलीच. दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह लटकवलेला. टोपण हरवले म्हणून त्याला जखमेवर लावायची पट्टी गुंडाळली आहे! बहीणभाऊ कॉम्प्युटरपाशी बसतात, तो पेन ड्राइव्ह खुपसतात, कुजबुजतात, चहा पितात, तो जातो. फ्रेमचे फोटो दाखवत असावा. मी विचारत नाही.

आज मात्र राहवले नाही. त्याला म्हणालो, माहिती खिशात घालून हिंडायचे दिवस गेले. ही वस्तू हरवते, भिजते, धुण्यात जाते. माहितीला घर हवे, पत्ता हवा. तो म्हणाला, भाऊजी, आपलं डोकं चष्म्याच्या नंबरापुढे जात नाही. त्याला पटले असे समजतो.

बायको तेव्हा कपात पाहत होती. खांदे हलत होते. ठसका लागला असावा.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसमध्ये मनस्ताप.

मी अंतर्गत तपासणी विभागात आहे. लोकांनी जे केले असे ते म्हणतात, ते खरोखर केले का, हे पाहणे माझे काम. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मला कोणी आपणहून काही सांगत नाही. बोलावे मलाच लागते. आज आजोबांची पद्धत समजावून देत होतो. सगळे निमूट ऐकत होते. तेवढ्यात बाटली (हा सहकारी पाण्याची बाटली तान्ह्या मुलासारखी कडेवर घेऊन फिरतो) म्हणाला, नक्कल जाते ते ठीक आहे हो, पण परत आणून पाहिलीय का कधी?

सगळे हसले. हसण्यासारखे काही नव्हते.

वाईट याचे वाटले की प्रश्न माझा आहे. लोकांच्या अहवालांवर लाल शाईने मीच तो लिहितो: 'प्रत्यक्ष पडताळणी केली का?' बाटलीच्याही अहवालावर लिहिला होता, गेल्याच महिन्यात. त्याने सूड उगवला. पण सूड म्हणून विचारलेला प्रश्न चुकीचा ठरत नाही. घरी येईपर्यंत स्वतःला तपासत होतो. मी परत आणून पाहिले आहे का? नाही. का नाही? कारण कधी काही गेलेच नाही. म्हणजे दोष माझ्या व्यवस्थेच्या उत्तमपणाचा आहे.

तरीही. पडताळणी झालीच पाहिजे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निश्चय: कॉम्प्युटर संपूर्ण पुसायचा आणि आजोबांकडून नेटवर्कवरून जसाच्या तसा परत आणायचा. एखादी फाइल परत आणणे ही धूळफेक. आग लागली, चोर आले, काहीच उरले नाही असे धरूनच तालीम व्हायला हवी.

बायकोला सांगितले. ती म्हणाली, अठ्ठावीस तारखेनंतर काय हवं ते पूस, घर पूस, मला पूस, पण तोपर्यंत त्या कॉम्प्युटरला बोट लावायचं नाही. मी म्हणालो, तुझ्या पुस्तकाच्या सुरक्षिततेसाठीच म्हणतोय. ती म्हणाली, माझं पुस्तक सुरक्षित आहे, तू फक्त लांब राहा.

पहिला अर्धा भाग माझ्या कामाला दिलेली पावती. दुसरा अर्धा ताणामुळे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईला सगळी योजना समजावून सांगितली. निवृत्त भाषाशिक्षिका असल्यामुळे ऐकून घेते, पण चुका काढते. म्हणाली, रंगीत तालीम प्रयोगाच्या आधी करतात हे खरं, पण तालमीला थिएटर जाळत नाहीत. मग म्हणाली, मी दुपारी पडते तेव्हा तरी तुझा गोंधळ नको. म्हणालो, दुपारी गोंधळ नसतोच, आजोबा गुपचूप काम करतात. ती म्हणाली, हो, हल्ली अगदी गुपचूप.

पाहा, आईलासुद्धा फरक जाणवतो.

हल्ली ती दिवसभर हातात पेन्सिल घेऊन कागदांचे गठ्ठे वाचत असते. बायको कुठून तरी मोठ्या टायपात काहीबाही छापून आणून देते. विरंगुळा चांगला आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बायकोने घातलेल्या अटीचा शांतपणे विचार केला. 'अठ्ठावीसनंतर' या म्हणण्यामागे भीती आहे. तालीम अठ्ठावीसच्या आधी झाली तर भीती संपेल. म्हणजे तिच्या अटीमागचा हेतू पाळायचा असेल तर अट मोडणे भाग आहे.

हा युक्तिवाद मी दोनदा तपासला. स्वतःला विचारले, यात बाटलीला उत्तर देण्याची खुमखुमी आहे का? थोडी आहे. प्रामाणिकपणे थोडी. पण मुख्य हेतू शुद्ध.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अडचण आली. रिकामा कॉम्प्युटर स्वतःहून नेटवर्कवर जाऊ शकत नाही. त्याला आधी जागे करावे लागते, आणि ते जागे करणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर ठेवावे लागते. हे वाचून काही काळ सुन्न होतो. पण हा पेन ड्राइव्ह साठवणीसाठी नाही, किल्लीसारखा आहे. फरक आहे. मोठा फरक आहे.

मेहुणा आला होताच. त्या दोघांची कुजबुज आटोपल्यावर त्याला दारात गाठले आणि पेन ड्राइव्ह मागितला. तो म्हणाला, घ्या की, पण भाऊजी, त्यात ताईचं... मी म्हणालो, काळजी करू नकोस, तुझी एकही गोष्ट जाणार नाही. तो म्हणाला, माझं नाही हो, ताईचं... मी म्हणालो, तुझ्या ताईचीसुद्धा नाही. त्याचे प्रत्येक वाक्य फ्रेमवर येऊन संपते, हे अनुभवाने माहीत असल्यामुळे संपू दिले नाही. रविवारी दुपारी घरी यायचे आमंत्रणही देऊन टाकले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पेन ड्राइव्ह तयार. आत असलेले सगळे आधी पुसावे लागते. उघडून पाहिला तर फ्रेमचे असंख्य फोटो आणि 'ताई' नावाचे एक फोल्डर. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावणे मला पटत नाही. कौटुंबिक फोटो असणार. दुसरा कोणी असता तर कचरा म्हणून उडवून मोकळा झाला असता. मी तसे केले नाही. फ्रेम, ताई, सगळे आधी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर नीट उतरवून घेतले आणि मगच पेन ड्राइव्ह पुसला. आता मेहुण्याच्या फ्रेमसुद्धा आजोबांच्या छत्रछायेखाली येतील. त्याला कल्पनाही नाही की त्याच्यावर किती उपकार झाले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बायकोचे शेवटचे प्रकरण संपले. सकाळी नाचत स्वयंपाकघरात आली. शेवटचे प्रकरण आमच्याच गच्चीच्या पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर आहे. तिथे तिला कुठेही नोंद नसलेले काही सापडले असावे असे तिला वाटते. नखाएवढे आहे. मला दाखवायला घेऊन गेली. मी म्हणालो, हे तर शेवाळ. ती म्हणाली, तू खाली जा.

दुपारी कॉलेजात जाऊन प्रकरण छापून आणले, गठ्ठा आईच्या हवाली केला. आईचे वाचून झाले की सोमवारी चुका दुरुस्त करून प्रकाशकाला पाठवणार. म्हणजे उद्याचा रविवार हाच मुहूर्त. उद्या ती शेवटच्या फोटोंसाठी दिवसभर बाहेर आहे. परत येईल तोवर सगळे जागच्या जागी असेल. मग सांगेन: तुझं पुस्तक आज एकदा पूर्ण नाहीसं झालं होतं, आणि तुला पत्ताही लागला नाही.

मनात आले, पुसण्याआधी हाताने एक ताजा बॅकअप घ्यावा का? मोह झाला. पण हाताने घेणे म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर फोडणे. आग लागण्यापूर्वी आपल्याला कोणी विचारत नाही. मोह आवरला. या गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी दोन

प्रेक्षक: मेहुणा, आई. मेहुण्याने खिसाभर शेंगदाणे आणले आहेत. सर्कशीला आल्यासारखा पाय पसरून बसला आहे. आईने चष्मा पुसून लावला. दुपारची झोप माझ्यासाठी मोडली आहे असे तिने तीनतीनदा ऐकवले.

कॉम्प्युटर पुसला. मेहुणा म्हणाला, अरे बापरे, खरंच पुसला की हो! त्याला काय वाटले होते?

पेन ड्राइव्हने कॉम्प्युटर जागा झाला. आजोबा नेटवर्कवर दिसले. 'उपलब्ध प्रत: एक. पुनर्स्थापित करायची?' मी 'हो' दाबले. तारीख वगैरे बारीक अक्षरात होती. प्रत एकच असल्यावर निवडायचे काय? टक्केवारी पुढे सरकते आहे. वायफायवरून वेळ लागतो. मेहुणा म्हणतो, एवढ्या वेळात मी तीन गिऱ्हाइकांना नंबर काढून दिला असता. तुच्छतेने दुर्लक्ष केले.

त्याच दिवशी, साडेचार

पूर्ण झाले. एकही चूक नाही. स्क्रीनवर सगळे जसेच्या तसे: पडद्यावरचा मॉसचा फोटो, फोल्डर, सगळे. मी उठून उभा राहिलो. आईने टाळी वाजवली. मेहुण्याने शेंगदाण्याची टरफले गोळा करत विचारले, माझ्या फ्रेम कुठायत?

फ्रेम नव्हत्या. 'ताई' नव्हते.

म्हणालो, शुक्रवारच्या गोष्टी आहेत, थोड्या मागेपुढे होतात. मग पुस्तकाचे फोल्डर उघडले. शेवटचे प्रकरण नव्हते. त्याच्या आधीचे नव्हते. त्याच्याही आधीचे नव्हते. तारीख पाहिली.

ऑगस्ट.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, त्या 'ताई'त काय होतं सांगू का आता? मी नको म्हणालो. त्याने सांगितलेच. दर गुरुवारी तो पुस्तकाची ताजी प्रत घेऊन जायचा, फक्त त्या पेन ड्राइव्हवर. ताईनेच सांगितले होते, तुझ्या भाऊजींना बोलू नकोस, वाईट वाटेल त्यांना.

आई म्हणाली, पाणी पी.

संध्याकाळी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. म्हणाला, नुसतं पुसलं असतंत तर खरवडून काढून दिलं असतं. तुम्ही वरून जुनं भरलंत, साहेब. आता कोणाच्या बापाला निघणार नाही.

म्हणजे पुसण्याने काही बिघडले नव्हते. बिघडवले ते परत आणण्याने. हे वाक्य लिहून पाहिले. तरी खरे वाटत नाही.

बायको आली. पिशवी खाली ठेवली. मी सांगितले. सांगताना सुरुवात आगीपासून केली, चोरांवर आलो. तिने मेहुण्याकडे पाहिले, त्याने पट्टी गुंडाळलेला पेन ड्राइव्ह दाखवून मान हलवली. ती खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मग तिने फक्त एकच विचारले, आईंचं कपाट उघडं आहे का?

आई म्हणाली, उघडंच आहे गं. प्रकरणं क्रमानं लावलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटच्यातल्या चुका काढायच्या आहेत अजून.

मोठ्या टायपातले ते कागद म्हणजे पुस्तक होते. मी रोज त्यांच्यावरून पाय उचलून जात होतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. सकाळपासून चौकशी. आजोबा ठीक, नेटवर्क ठीक, दिवा हिरवा. मग दुपारी अडीचच्या आधी स्टोअररूममध्ये जाऊन बसलो, जुन्या गाद्यांच्या आड. आई आली. मला पाहिले नाही. बोर्डावरचे बटण बंद केले. आजोबा शांत झाले. आई जाऊन आडवी झाली.

मी तिच्या दारात जाऊन म्हणालो, आई, हे काय! ती डोळे न उघडता म्हणाली, रोजच करते. उठले की परत लावते, तू यायच्या आत. रात्रीची घरघर तू दुपारी आणलीस, दुपारची मी मिटवली. मी म्हणालो, मला सांगायचंस ना! ती म्हणाली, पंधरा तारखेला सांगितलं की. तू खूश झालास.

अहवाल लिहायला घेतला. कारण: मानवी चूक. पुढे 'कोणाची' असा रकाना केला. आईचे नाव लिहिले. खोडले. मग पाट्या आठवल्या. ऑगस्टमधल्या त्या पाट्या खऱ्या होत्या. रोज अडीच वाजता त्या खरे बोलत होत्या आणि मी त्यांचे तोंड बांधले. रकाना रिकामा सोडला. अहवाल पुढे लिहिला नाही.

तांत्रिकदृष्ट्या मात्र तालीम यशस्वी आहे. ऑगस्टपर्यंतचे सगळे काही, जसेच्या तसे, परत आले. हे बायकोला सांगणार होतो. ती टाइप करत होती. सांगितले नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घराचा छापखाना झाला आहे. मेहुण्याने दुकान बंद ठेवले. तो आईचे कागद हातात घेऊन मोठ्याने वाचतो, बायको टाइप करते, आई पलीकडे बसून पेन्सिलीच्या खुणा सांगते: इथे पूर्णविराम, इथे 'आणि' नको. मेहुण्याला लॅटिन नावे वाचता येत नाहीत. अडखळला की बायको न बघता पुढचे म्हणते. कॉलेजात छापायला पाठवलेल्या फाइली छापून झाल्या की तिथे आपोआप पुसल्या जातात. फोटोंचे मात्र काही गेले नाही. ते कॅमेऱ्याच्या कार्डांवर आहेत, आणि कार्डे तिच्या कॉलेजातल्या कपाटात. हेही मला माहीत नव्हते.

मी टाइप करू म्हणालो. तिघांनी एकदम 'नको' म्हटले. मग आईने मला काम दिले: दुपारभर बोर्डापाशी बसायचे आणि कोणालाही बटण बंद करू द्यायचे नाही. तिलासुद्धा. बायको प्रत्येक प्रकरण संपले की आजोबांकडे पाठवते, हाताने. मी विरोध केला नाही.

आई झोपली नाही. म्हणाली, घरघर परवडली, पण हा प्रसंग नको.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रकाशकाचा फोन. बायकोने स्पीकर लावला. उद्या संध्याकाळनंतर यादी बंद, म्हणाला. बायको म्हणाली, येईल. आवाज बसला आहे तिचा. एक प्रकरण बाकी आहे, ते टाकीमागचे. त्याचे टिपण तिच्या डोक्यात आहे आणि आईच्या कागदावर.

चहा मी केला. चारचौघांसारखा झाला होता. सगळ्यांनी संपवला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, चहाचा बॅकअप आहे का? बायको हसली. रविवारनंतर पहिल्यांदा. मी दुसरा केला.

बाटलीचा मेसेज: 'काय मग, आणलंत का परत?' उत्तर दिले नाही. लिहून पाहिले होते, 'अंशतः'. पुसले. ते तरी पुसता आले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचे प्रकरण दुपारी झाले. बायकोने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. म्हणाली, एक पान राहिलंय. हे तू कर. बोटं चालत नाहीत माझी.

ऋणनिर्देश.

मी बसलो. मेहुणा वाचायला आला, तिने त्याला हाताने थांबवले. म्हणाली, त्याला स्वतः वाचू दे.

दोन बोटांनी टाइप करत गेलो. प्रकाशकाचे आभार. कॉलेजचे आभार. खुर्च्या देणाऱ्या वॉचमनचे. भावाचे, दर गुरुवारी येण्याबद्दल. सासूबाईंचे, पेन्सिलीबद्दल आणि न कंटाळण्याबद्दल. मग हे:

'आणि माझ्या नवऱ्याचे, ज्याच्यामुळे मी पुस्तकाच्या प्रती जागोजाग ठेवायला शिकले.'

प्रथम समाधान वाटले. माझे म्हणणे तिच्यापर्यंत पोचले होते, आणि छापून येणार होते. स्वल्पविरामापर्यंत टाइप केले. मग हात थांबला. पानावर तारीख होती, हे डिसेंबरमध्ये लिहिलेले. डिसेंबरात काहीच बिघडले नव्हते. वाक्य परत वाचले. ते दोन्ही बाजूंनी वाचता येत नाही. एकाच बाजूने वाचता येते, आणि ती बाजू माझी नव्हती.

शेजारी आईची पेन्सिल होती: 'वाक्य बरोबर आहे. राहू दे.'

मनात आले, 'प्रती'च्या ऐवजी 'आठवणी' लिहावे. 'शिकले'च्या पुढे 'कृतज्ञतेने' घालावे. कोणाला कळले असते? माझ्या हातात पान होते, सगळे दमलेले होते. लोकांनी केले म्हणतात ते केले का, हे पाहण्यात माझा जन्म गेला आहे. जसे होते तसे टाइप केले. पूर्णविरामासकट.

बायको मागे उभी होती हे मला माहीत नव्हते. तिने खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, बदललं नाहीस. मी म्हणालो, आईने राहू दे लिहिलंय. ती म्हणाली, हो का, म्हणून?

फाइल पाचच्या आधी गेली. प्रकाशकाने 'मिळाली' असे कळवले. बायको तिथेच सोफ्यावर झोपली. आई स्टोअररूमच्या बोर्डापाशी गेली, बटणाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हात न लावता आडवी व्हायला गेली. आजोबांची घरघर ऐकू येत होती. मी गच्चीवर गेलो. टाकीमागे, नखाएवढा, तो मॉस होता. खाली वाकून, नाक लावून पाहिला. बराच वेळ पाहिला. शेवाळासारखा अजिबात दिसत नाही.

खाली आल्यावर मेहुण्याचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. 'ताई' नावाचे फोल्डर केले, पुस्तक त्यात घातले. उघडून पाहिले: पहिले पान, शेवटचे पान, मधले एक. पट्टी सुटत होती, नवी गुंडाळली.

उद्या: पेन ड्राइव्ह मेहुण्याच्या दुकानात नेऊन देणे. चालत.